दहावा माणूस

ज्यू धर्मात एक फार जुना नियम आहे. मनुष्याने ईश्वराची प्रार्थना एकट्याने केली तरी चालते. परंतु सामुदायिक प्रार्थना करावयाची असेल, तर किमान दहा माणसे एकत्र जमली पाहिजेत. प्राचीन रूढीप्रमाणे हे दहाही जण तेरा वर्षे पूर्ण झालेले पुरुष असावे लागतात. नऊ महापंडित जमले, तरी त्यांच्याने हा नियम पुरा होत नाही. आणि दहा सामान्य सुतार किंवा तेली जमले, तर तो पुरा होतो. दहा जण असल्यावाचून धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढून तिचे जाहीर वाचन करता येत नाही. इतकेच नव्हे, तर ज्याचा पिता निवर्तला असेल त्या पुत्रालाही पित्याच्या स्मरणार्थ म्हणावयाची प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. त्याच्या दुःखात सहभागी होण्यासाठी आणखी नऊ जणांनी आपापली कामे बाजूला सारून यावे लागते.

वरवर पाहता हा केवळ मोजदादीचा नियम वाटतो. परंतु संख्येने थोड्या असलेल्या समाजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार खोल आहे. जेथे हजारो लोक राहतात तेथे एखादा माणूस आला काय आणि न आला काय, कोणाच्या ध्यानात येत नाही. जेथे सारी वस्ती पंधरावीस घरांची, तेथे दहावा माणूस आला नाही तर सर्वांचीच प्रार्थना खोळंबते. म्हणून थोड्या लोकांच्या समाजाला एकमेकांची आठवण ठेवावीच लागते. महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाने गेल्या दोनअडीच शतकांत उभारलेल्या संस्था आणि चालविलेले उपक्रम पाहिले, म्हणजे हा दहा जणांचा नियम त्यांच्या हाडीमासी कसा खिळला होता, हे कळून येते.

'बेने इस्रायल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्रायलची लेकरे' असा आहे. या समाजात परंपरेने एक कथा सांगितली जाते. फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावापाशी फुटले. त्यातून केवळ सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत राहिल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले आप्तांचे देह त्यांनी नवगाव येथेच पुरले, आणि मग ती सात कुटुंबे त्याच भूमीच्या आश्रयाला राहिली. त्यांचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले होते. उरले होते ते काही आचार आणि एक प्रार्थनेची ओळ. सातव्या दिवशी काम न करणे, मुलग्याची सुंता करणे, खवले व पर नसलेला मासा न खाणे आणि ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे 'शेमा' हे वचन मुखाने म्हणणे, एवढीच त्यांची शिदोरी होती.

कोकणात या लोकांनी तेलाचा घाणा चालविण्याचा धंदा पत्करला. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस, म्हणजे 'शब्बाथ'. त्या दिवशी घाणा बंद राही. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ज्या गावी वस्ती केली त्या गावावरून त्यांची आडनावे पडली. दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते केहीमकर, झिराडचे ते झिराडकर, राजपुरीचे ते राजपूरकर. त्यांनी मराठी ही मातृभाषा मानली आणि स्त्रियांनी लुगडे व मंगळसूत्र स्वीकारले. स्वयंपाकात नारळाचे दूध आले. मांसाबरोबर दुग्धजन्य पदार्थ खाऊ नये, असा ज्यू धर्माचा दंडक आहे. कोकणातील नारळाने तो पाळणे सोपे केले. धर्मासाठी या भूमीत त्यांचा छळ झाला नाही, ही गोष्ट या समाजातील लोक आजही कृतज्ञतेने सांगतात.

त्या काळी त्यांच्यापाशी प्रार्थनामंदिर नव्हते. घर हेच देवालय होते. गावातील समाजाचा मुखिया मुकादम, त्याचा साहाय्यक चौगुला आणि विवाहादी विधी चालविणारा काजी, अशी साधी व्यवस्था असे. सणांची हिब्रू नावे विसरली गेली होती, पण सण विसरले गेले नव्हते. वर्षारंभाच्या सणाला ते 'नव्याचा सण' म्हणत. नव्या धान्याची खीर करून जो दिवस पाळीत तो 'खिरीचा सण'. पापक्षालनाच्या महाउपवासाच्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, घराची दारे लावून, कोणाचा स्पर्शही न होऊ देता ते दिवसभर निराहार राहत. म्हणून तो 'दारफळणीचा सण'. दुसऱ्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करून आप्तेष्टांच्या भेटी घेत. राणी एस्तेरच्या स्मरणाचा आनंदोत्सव फाल्गुनाच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकदिनी वालाचे बिरडे करीत, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. ग्रंथ नष्ट झालेल्या लोकांनी आपला धर्म असा स्वयंपाकघरात आणि पंचांगात जपून ठेवला होता.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही कुटुंबे मुंबईस येऊ लागली. कोणी गोदीत सुतारकाम करू लागले, कोणी गवंडी झाले, तर पुष्कळ जण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती झाले. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे अशांपैकीच एक अधिकारी होते. लोक त्यांना सामाजी हसाजी या मराठी वळणाच्या नावाने ओळखीत. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते कैद झाले. हे 'बनी इस्रायल' आहेत असे कळल्यावर टिपूच्या मातेने त्यांच्या प्राणांसाठी रदबदली केली, अशी कथा समाजात प्रसिद्ध आहे. सुटका होऊन परतल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत एक प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. मुंबईतील ते पहिले ज्यू प्रार्थनामंदिर होय. १८६० मध्ये ते मांडवी भागात आजच्या जागी हलविण्यात आले. त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट असे नाव आहे. बेने इस्रायल लोक मराठीत आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' असेच म्हणत; जवळच्या मशीद या रेल्वे स्थानकाचे नाव या मंदिरावरूनच पडले, असे सांगितले जाते.

मंदिर बांधले, पण हिब्रू प्रार्थना शिकविणार कोण? हे काम पुष्कळ अंशी कोचीनच्या ज्यू लोकांनी केले. त्यांच्यापैकी शेलोमो सालेम शुराबी हे मुंबईस आले. त्यांचेही गलबत वाटेत फुटले होते. जो समाज गलबत फुटून कोकणात आला असे मानतो, त्याला गलबत फुटलेलाच एक गुरू भेटला. शुराबींनी गावोगावच्या लोकांना प्रार्थना आणि विधी शिकविले. त्यांच्या प्रेरणेने १८४० मध्ये मुंबईत दुसरे मंदिर उभे राहिले. त्याला लोक 'नवी मशीद' म्हणू लागले. पाठोपाठ कोकणातही मंदिरे झाली. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण या गावी एकामागून एक अशी प्रार्थनेची घरे उभी राहिली.

हे मंदिर म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नव्हती. ती समाजाची कचेरी होती, शाळा होती, न्यायसभा होती आणि मंगल कार्यालयही होते. तेथे विश्वस्त आणि मुकादम असत. जमाखर्च पाहणाऱ्याला 'गबाई' म्हणत, प्रार्थना चालविणाऱ्याला 'हझान' आणि दिवाबत्ती व निगा राखणाऱ्याला 'शमाश'. मुलाची सुंता, तेराव्या वर्षी त्याने प्रथम धर्मग्रंथ वाचण्याचा समारंभ, विवाह, मृत्यूनंतरचे स्मरण, हे सारे प्रसंग या छपराखाली साजरे होत. कोणाचे कर्ज, कोणाचे भांडण, कोणाच्या मुलीचा विवाह, कोणाच्या घरी आलेले आजारपण, या सर्वांची वार्ता शनिवारच्या प्रार्थनेनंतर येथे कळे. जो आला नाही त्याची चौकशी होई. दहाच्या मोजणीतून अशी ही एकमेकांची काळजी घेण्याची सवय वाढत गेली.

समाजाच्या वर्षातील काही प्रसंग तर अनेक हात लागल्यावाचून पार पडतच नाहीत. वर्षारंभाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करण्याची चाल आहे. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढावयाचा, त्यात नारळाचे दूध व साखर घालावयाची, आणि तो घट्ट होईपर्यंत मोठ्या पातेल्यात सतत ढवळीत राहावयाचे. एका माणसाचा हात दुखून येतो. म्हणून शेजारची व नात्याची माणसे पाळीपाळीने ढवळावयास बसतात. द्राक्षाचे पवित्र मद्य कोकणात मिळत नसे. त्याऐवजी काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करीत, आणि शुक्रवारी सायंकाळी त्यावर आशीर्वचन म्हणून ते घरातील सर्वांना देत.

या समाजाचा सर्वांत विशेष विधी म्हणजे 'मलिदा'. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यावर बेने इस्रायल लोकांची फार श्रद्धा आहे. नवस फेडावयाचा असो, विवाह असो, घरातील माणूस दूरच्या प्रवासाला निघालेला असो, अथवा सुखरूप परतलेला असो, मलिदा झालाच पाहिजे. भिजविलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची व सुकामेवा घालून त्यांची ताटात रास करितात. तिच्याभोवती निरनिराळी फळे मांडतात. सब्जाची पाने अथवा गुलाबपुष्पे सुवासासाठी ठेवितात. मग जमलेले लोक एलियाहूचे स्तोत्र गातात. वृक्षाच्या फळासाठी एक, भूमीच्या फळासाठी एक, सुवासासाठी एक, असे वेगवेगळे आशीर्वाद म्हणतात, आणि प्रसाद सर्वांना वाटतात. अलिबाग तालुक्यातील खंडाळे या गावी एक खडक आहे. एलियाहू तेथे प्रकट झाला आणि त्याच्या रथाच्या खुणा त्या खडकावर उमटल्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. तेथे नवस फेडावयास लोक दुरून येतात. पूर्वी तर या दिवसाला 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' असेच म्हणत. संदेष्टा ज्यू परंपरेचा, उरूस हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा आणि ताटातले पोहे कोकणचे! तीन परंपरांचा असा सहज मेळ पुस्तकी उपदेशाने घडत नाही. तो शेजाराने घडतो.

असाच दुसरा मेळ कीर्तनात घडला. १८८० च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्रायल तरुणांनी हिंदू हरिदासांची कीर्तने ऐकली. लहानथोर, साक्षर-निरक्षर, स्त्रिया व मुले तासन्‌तास तल्लीन होऊन कथा ऐकतात, हे त्यांनी पाहिले. आपल्या समाजातील बहुतेकांना हिब्रू समजत नाही. मग आपल्या संदेष्ट्यांच्या कथा त्यांना अशाच रीतीने का सांगू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या कीर्तनकारांपैकी अग्रणी होते. साकी, दिंडी, ओवी, अभंग या मराठी वृत्तांत योसेफाची कथा, मोशेची कथा, एस्तेर राणीची कथा रचली गेली. भावांनी विकलेला योसेफ परदेशात मोठ्या पदाला चढतो, आणि दुष्काळात धान्य मागावयास आलेल्या त्याच भावांना क्षमा करितो, ही कथा टाळमृदंगाच्या साथीने रंगू लागली, तेव्हा श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले नसेल तरच नवल. कथा हिब्रू धर्मग्रंथातील असली, तरी ऐकणाऱ्याच्या हृदयाला ती मराठीतूनच भिडली.

ग्रंथांच्या बाबतीतही हेच घडले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. पुढे १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर या विद्वान शिक्षकाने हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करण्यात आपले आयुष्य वेचले. ज्या घरात केवळ एक ओळ उरली होती, त्या घरातील मुले आता हिब्रू प्रार्थनेचा अर्थ आपल्या मातृभाषेत वाचू लागली.

परंतु प्रार्थना समजून घेणे निराळे आणि संसार सावरणे निराळे. शिक्षणाखेरीज समाजाचे दारिद्र्य हटणार नाही, हे हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या समाजाच्या संस्थेने १८७५ मध्ये मुंबईत एक शाळा काढली. तीच पुढे 'इस्रायलाइट स्कूल' म्हणून नावारूपास आली. तेथे इतर विषयांबरोबर हिब्रूही शिकविले जाई. लंडनच्या ज्यू संस्थेकडून तिला साहाय्य मिळे. केहीमकरांनी आपल्या समाजाचा विस्तृत इतिहासही लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ही शाळा ओळखली जाऊ लागली. माझगाव येथील या शाळेला आणि तिच्यातील शिक्षकांना समाजात फार मोठा मान होता.

या शाळेचे नाव घेतले की रिबेका रूबेन यांचे स्मरण होते. १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेत त्या पहिल्या आल्या. ज्या काळी मुलींनी शाळेत जाणे हीच नवलाची गोष्ट होती, त्या काळचे हे यश आहे. त्यांना दुसरीकडे मानाची जागा मिळाली नसती असे नाही. परंतु १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनी आपल्या समाजाच्या या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. मुलांच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकून बाहेर पडल्या.

दहाच्या गणनेत स्त्रियांना स्थान नव्हते. परंतु समाजाच्या सेवेत त्या मागे राहिल्या नाहीत. १९१३ मध्ये मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झाले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेली ही संस्था होती. तिच्या संस्थापकांत जेरुशा झिराड या होत्या. त्यांनी पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले. मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा अनेक वर्षे वाहिली. त्या रुग्णालयात बाळंतपणासाठी येणारी स्त्री कोणत्या धर्माची आहे, हे त्यांनी कधी पाहिले नाही. १९६६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९२५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मुंबईत एक सुधारक प्रार्थनासंघही स्थापन झाला. धर्म समजून आचरावा आणि त्यात स्त्रियांनाही वाटा असावा, असा त्या संघाचा आग्रह होता.

येथपर्यंतचे वर्णन वाचून हा समाज निर्दोष होता असे कोणी समजू नये. इतर समाजांत असतात तसे भेद त्याच्यातही होते. मिश्र विवाहातून जन्मलेल्यांना 'काळे इस्रायल' म्हणून वेगळे लेखण्याची रूढी दीर्घकाळ चालत आली होती. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बगदाद व आसपासच्या प्रदेशांतून ज्यू व्यापारी मुंबईस आले. ससून घराणे हे त्यांतील सुप्रसिद्ध होय. या बगदादी ज्यूंनी मोठमोठी मंदिरे, शाळा व ग्रंथालये बांधली, आणि त्यांचा लाभ मुंबई-पुण्यातील जनतेला झाला. परंतु त्यांच्यातील अनेक जण बेने इस्रायल लोकांना आपल्या बरोबरीचे मानीत नसत. आपल्या मंदिरात दहा माणसे मोजताना ते बेने इस्रायल माणसाला त्या दहांत धरीत नसत! आठ बगदादी आणि दोन बेने इस्रायल समोर उभे असले, तरी संख्या आठच मानावयाची. या वागणुकीचे शल्य समाजाच्या मनात खोलवर रुतले होते. रंगूनमध्ये तर असा वाद १९३४-३५ साली न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथे बेने इस्रायल लोकांचा हक्क मान्य झाला.

मान मागून मिळत नाही. तो संघटनेने आणि योग्यतेने मिळवावा लागतो, हे समाजातील जाणत्या लोकांनी ओळखले. १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि १९१८ मध्ये अखिल भारतीय इस्रायलाइट लीग ही संस्था निघाली. शिक्षणाचा प्रसार, स्त्रियांची उन्नती आणि समाजातील ऐक्य अशा प्रश्नांचा तेथे ऊहापोह झाला. मराठी व इंग्रजी नियतकालिके निघाली. मतभेद झाले, वादही झाले. परंतु निरनिराळ्या गावी विखुरलेली माणसे एका मांडवाखाली बसून आपल्या उणिवांविषयी उघडपणे बोलू लागली, हा लाभ लहान नव्हता. या समाजातील डॉ. ई. मोझेस यांना १९३७ मध्ये मुंबईचे महापौरपद लाभले. वरळीच्या एका मुख्य रस्त्याला त्यांचे नाव आहे.

स्वातंत्र्यानंतर या समाजाच्या इतिहासाने निराळेच वळण घेतले. १९४८ मध्ये इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले, आणि अनेक कुटुंबे तिकडे जाऊ लागली. छळामुळे नव्हे, तर धर्मग्रंथात शतकानुशतके वाचलेल्या भूमीच्या ओढीने व नव्या जीवनाच्या आशेने ती गेली. तेथेही आरंभी त्यांना झगडावे लागले. त्यांच्या विवाहांसंबंधी तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका उपस्थित केल्या. त्याविरुद्ध त्यांनी सत्याग्रही वृत्तीने आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते इतर ज्यूंच्या पूर्ण बरोबरीचे आहेत असे घोषित केले. आज अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा या नगरांत हजारो बेने इस्रायल लोक राहतात. त्यांच्या घरांत मलिद्याचे ताट मांडले जाते. 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे काढले.

इकडे महाराष्ट्रात मात्र माणसे कमी होत गेली. १९५१ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या सव्वीस हजारांहून अधिक होती. २०११ च्या जनगणनेत ती साडेचार हजारांच्या आसपास उतरली. त्यांपैकी सुमारे अडीच हजार लोक महाराष्ट्रातील होते. कोकणातील कित्येक गावी प्रार्थनामंदिर उभे आहे, भिंतींना रंग आहे, धर्मग्रंथाच्या कपाटावर मखमली पडदा आहे. पण दहा माणसे नाहीत. सणाच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून कोणी गावी गेला, तर त्याची वाट पाहणारे डोळे दारातच असतात. आठ जण जमलेले असतात. कोणी नववा होतो, कोणी दहावा. दहावा माणूस उंबरठा ओलांडून आत आला, की वृद्धांच्या मुद्रेवर समाधान पसरते, आणि प्रार्थनेला आरंभ होतो.

अशा परिस्थितीतही या समाजाचे कार्य थांबले नाही. १९६० नंतरच्या दशकात जागतिक ज्यू संस्थांच्या साहाय्याने मुंबईत तरुणांसाठी धंदेशिक्षणाचे वर्ग निघाले. वृद्ध व निराधारांना साहाय्य देणे, मुलांना हिब्रू व सणांची माहिती देणे, सणाच्या दिवशी सर्वांनी एकत्र भोजन करणे, असे उपक्रम समाजाच्या केंद्रांतून चालतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. आणि काळाची गती पाहा! एके काळी ज्या मंदिरांत बेने इस्रायल माणूस दहांत मोजला जात नव्हता, त्या बगदादी ज्यूंची कुटुंबे आता मुंबईत फारच थोडी उरली आहेत. त्यांनी बांधलेल्या मंदिरांत दिवा लावण्याचे आणि दहाची संख्या भरून काढण्याचे काम आज बव्हंशी बेने इस्रायल लोकच करीत आहेत. जुना अपमान मनात ठेवून त्यांना त्या मंदिरांकडे पाठ फिरविता आली असती. त्यांनी तसे केले नाही. योसेफाच्या कथेचे कीर्तन त्यांनी केवळ कानांनी ऐकले नव्हते, असेच यावरून म्हणावे लागेल.

केहीमकरांनी लावलेल्या शाळेच्या रोपट्याचीही अशीच कथा आहे. बेने इस्रायल मुलांसाठी निघालेल्या त्या शाळेत आज ज्यू मुले अगदी विरळ झाली आहेत. पण शाळेचे दार बंद झाले नाही. आसपासच्या वस्तीतील इतर धर्मांची, विशेषतः मुसलमान कुटुंबांतील, मुले तेथे शिकू लागली. स्वतःच्या लेकरांसाठी खणलेल्या विहिरीवर शेजाऱ्यांची लेकरे पाणी भरतात, याचे दुःख मानावयाचे की आनंद, हे ज्याच्या त्याच्या मनावर अवलंबून आहे. या समाजाने त्यात आनंद मानला.

नवगावच्या किनाऱ्यावर सात जोडपी उतरली, असे परंपरा सांगते. सात पुरुषांनी दहाची संख्या पुरी होत नाही. म्हणजे या समाजाच्या आरंभीच तीन माणसे कमी होती! तरीही तो टिकला. कारण नसलेल्या माणसांसाठी रडत बसण्याऐवजी असलेल्या माणसांना धरून राहण्याची विद्या त्याने आत्मसात केली. घाणा थांबवून शनिवार पाळणे, हलव्याच्या पातेल्याला आपला हात लावणे, दुसऱ्याच्या पित्याच्या स्मरणासाठी आपला वेळ देणे, यांत मोठे शौर्य दिसत नाही. पण समाज नावाची वस्तू अशाच लहान कृत्यांनी उभी राहते. आपल्यावाचून काय अडले आहे, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे, की कोठे तरी नऊ माणसे जमलेली असतात आणि ती दाराकडे पाहत असतात.